बेदाण्याचं घर

सप्टेंबर सरायला आला की आमच्या गावात द्राक्षांचा वास सुटतो. बफेलोहून खाली, ईरी सरोवराच्या काठाकाठानं जो पट्टा जातो, तो सगळा द्राक्षांचा. जांभळी, जाड सालीची, बियांची द्राक्षं. खायला फारसं कुणी घेत नाही, बहुतेक सगळी रसाच्या कारखान्यात जातात. पण वास असा की पोस्टात जा, बँकेत जा, मुलीच्या शाळेत जा, तो तुमच्या आधी तिथं पोचलेला असतो. गाडीच्या सीटला लागतो, स्वेटरला लागतो, उशीच्या अभ्र्याला लागतो. नवीन आलेला माणूस म्हणतो, काय सुंदर वास आहे. मीही म्हणायचे. यंदा मात्र मी घराच्या खिडक्या लावून घेतल्या आहेत आणि श्रीकांतला सांगितलं आहे की मला हवेतल्या परागांचा त्रास होतो. तो पुण्याचा आहे, असल्या शास्त्रीय कारणांवर त्याचा लगेच विश्वास बसतो.

दोन हजार एक साली आम्ही इथं आलो तेव्हा मी या द्राक्षांना नाकं मुरडली होती. माझं माहेर तासगावचं. वडिलांची, म्हणजे आबांची, द्राक्षाची बाग आणि बेदाण्याचं शेड. हिरवट, लांबट, सालीचा पत्ता न लागणाऱ्या द्राक्षांवर वाढलेली मी, पहिल्याच दिवशी शेजारच्या डेलनं आणून दिलेला जांभळा घड तोंडात टाकला तर साल एकीकडे, गर दुसरीकडे आणि बिया दाताखाली. आबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले की जनावरांना घालत असतील. पण नंतर दर रविवारच्या फोनवर त्यांचे प्रश्न सुरू झाले. वेल तारेवर चढवतात का, छाटणी कधी करतात, मशीननं तोडताना घडाचं काय होतं. मशीन ओळीवर पाय फाकून उभं राहतं आणि वेल गदागदा हलवतं, दाणे सुटून खाली पडतात, असं सांगितल्यावर त्यांनी विषय बदलून पावसाचं विचारलं. त्यांना वेलीची दया आली असावी.

आबांच्या घरात हंगाम म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल. तोडलेले घड औषधाच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे, एकावर एक मजले, वरून हिरवी जाळी. मग फक्त वारा आणि वाट पाहणं. तेवढ्यात अवकाळी पाऊस आला तर वर्ष गेलं. मी कॉलेजात होते तेव्हा एकदा आला. दुपारी आभाळ भरलं, ताडपत्र्या बांधेपर्यंत पाणी आत शिरलं आणि सोनेरी होत आलेला माल काळा पडला. आबा शेडच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. आईनं जेवायला हाक मारली नाही. आम्ही बहिणींनी त्या दिवशी केस विंचरले नव्हते, हे मला अजून आठवतं, कारण घरात कुणालाच आरशासमोर उभं राहावंसं वाटलं नव्हतं. तोडून, बुडवून, पसरून, राखून तयार झालेला माल जाणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

निखिललाही नव्हती. निखिल माझ्या थोरल्या बहिणीचा, सुनंदाताईचा मुलगा. जन्म कॅनडातला, हॅमिल्टनचा. ताईचं दुसरं बाळंतपण अवघड गेलं तेव्हा त्याला एक अख्खा हंगाम आबांकडे ठेवला होता. मराठी तो तिथंच शिकला, म्हणून त्याच्या इंग्रजीत मधूनच तासगाव डोकावतं. आबांनी त्याला शेडमध्ये घेऊन जाऊन शिकवलं होतं की घड हातात धरून हलकेच झटकायचा, दाणे देठापासून सुटून तळहातावर पडले की माल तयार. पोरगं दिवसभर घड झटकत हिंडायचं आणि जो सापडेल त्याला ओरडून सांगायचं, तयार! निवडायला बसलेल्या बायका त्याला तयारसाहेब म्हणायच्या.

हाच निखिल पुढे कॅनडाच्या सैन्यात इंजिनियरांच्या तुकडीत भरती झाला. आमच्या नातेवाइकांत इंजिनियर घरटी दोन निघतील, पण सैन्यातला हा पहिलाच, आणि ताईला ते सांगायची चोरी झाली. मंडळात कुणी विचारलं की ती म्हणायची, सिव्हिल साइडला आहे, सरकारी प्रोजेक्टवर असतो. खोटं तरी कसं म्हणावं? पहिली वर्षं त्याची तशीच गेली. पुरात वाळूच्या पोत्यांचे बांध घातले, वणव्यानंतर रस्ते मोकळे केले, उत्तरेकडच्या एका वस्तीचा पूल वाहून गेला तिथं लोखंडी पूल जोडून दिला. त्या पुलावर वस्तीतल्या म्हाताऱ्या उभ्या आहेत आणि निखिल चिखलानं माखून हसतो आहे, असा फोटो ताईनं आबांना पाठवला. आबांनी तो भिंतीवर लावला. बेदाण्याच्या सौद्याला जाताना ते तो काढून खिशात घालत आणि व्यापाऱ्यांना दाखवत. नातू पूल बांधतो, म्हणत.

मग तो कंदाहारला गेला. आम्ही आबांना सांगितलं, आता तिकडे रस्ता बांधायला गेलाय. तेही खरंच होतं.

कंदाहारहून तो गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात परत आला आणि उन्हाळा संपेपर्यंत घराबाहेर जवळजवळ पडला नाही. ताई फोनवर रडायची, मी तिला हवापालट कर म्हणायचे. शेवटी गेल्या सप्टेंबरात बफेलोच्या मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम होता, तेव्हा मी अध्यक्षांना आपणहून सुचवलं की माझा भाचा येतोय, त्याचा सत्कार करू. मला वाटलं, चार माणसांनी कौतुक केलं की त्याला बरं वाटेल. आपल्याकडे कुणाचंही काहीही बिनसलं की आपण त्याला शाल आणि नारळ देतो.

शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. अध्यक्ष चांगले बोलले. आपल्या मुलानं त्या मागास भागात विकासाचा रस्ता नेला, रस्ता आला की शाळा येते, दवाखाना येतो, आपल्या मातीतले संस्कार वगैरे. टाळ्या झाल्या. निखिल शाल अंगावर घेऊन उभा होता, दोन्ही हातांत नारळ घट्ट धरून, आणि कुणाकडेच पाहत नव्हता. मला वाटलं लाजतोय. नंतर प्रसादाचा शिरा खाताना पाहिलं, त्यातले बेदाणे वेचून तो ताटाच्या कडेला ठेवत होता. इतका मोठा झाला तरी खाण्याचे नखरे गेले नाहीत, असं मी शेजारच्या काकूंना हसत सांगितलंसुद्धा.

परतताना तो माझ्या गाडीत होता. श्रीकांत आणि आमची मुलगी मागून दुसऱ्या गाडीनं येणार होते. दुपार कलायला लागली होती, ऊन मऊ होतं, गावाजवळ आलो तसा वास आत शिरला. रस्त्यालगत डेलच्या बागेत मशीन चाललं होतं. निखिल एकदम म्हणाला, "मावशी, गाडी थांबव. प्लीज." मला वाटलं त्याला उलटी होतेय. मी कडेला घेतली. तो उतरला, बागेच्या कुंपणापर्यंत गेला आणि तिथंच गवतात बसला. मी जवळ जाऊन बसले. साडी नवी होती, तरी बसले.

तिथं त्यानं सांगितलं. कंदाहारजवळच्या त्या भागात सगळीकडे द्राक्षं. तारा नाहीत, मांडव नाहीत, खोल चर खणून मातीच्या बांधांवर वेल चढवलेले. त्या बागांमधून एक सरळ रस्ता काढायचा होता, कारण जुन्या रस्त्यावर रोज सुरुंग पेरले जात होते आणि माणसं मरत होती. निखिलची तुकडी पुढे चालून सुरुंग शोधायची, मागून बुलडोझर चर बुजवत येत. आणि बागांमध्ये जागोजाग जाड मातीच्या भिंतींची उंच घरं होती, भिंतींना उभ्या अरुंद फटी. भिंती इतक्या जाड की गोळा लागला तरी ढासळत नसत. त्या फटींतून बंदुका चालत. बुलडोझर चालवणारा त्याचा मित्र असल्याच एका घरातून आलेल्या गोळ्यांनी जखमी झाला, त्याचा पाय काढावा लागला. त्यानंतर रस्त्यालगतचं असं प्रत्येक घर पाडायचं ठरलं. कशाची घरं ती, मी विचारलं. विचारता विचारताच मला कळलं होतं. भिंतींना फटी कशासाठी ठेवतात, ते आमच्या शेडच्या जाळीला विचारा.

"बेदाण्याची, मावशी," तो म्हणाला. "आबांच्या शेडसारखी, फक्त मातीची."

एका सकाळी त्याच्यावर एक घर तपासायची पाळी आली. आत शिरला. सुरुंग नाही, माणूस नाही. वरपर्यंत लाकडी दांड्या आणि दांड्यांना घड लटकलेले, हजारो असतील. फटींतून ऊन येत होतं आणि गोडसर वास. त्याच्याबरोबरच्या पोरांना तो नुसता वाळका पाला वाटला असेल. निखिलनं एक घड धरला आणि हलकेच झटकला. दाणे तळहातावर पडले. त्यानं एक तोंडात टाकला. बाहेर आला तर एक म्हातारा, त्याच्या दोन सुना की मुली, मोठ्या चादरी घेऊन बांधावर उभ्या. दुभाष्यानं सांगितलं, माल उतरवायला दुपारपर्यंत वेळ मागतायत. दुपारपर्यंत बुलडोझर तिथं उघड्यावर उभे ठेवायचे, आदल्याच आठवड्यात मित्राचा पाय गेलेला. निखिल नाही म्हणाला. मग रेडिओवर वरच्यांनी विचारलं, आत काय आहे, पाडायला घ्यायचं का.

"मी रिकामं आहे म्हणालो," निखिल म्हणाला. "आय हॅड इट इन माय माउथ, मावशी. तोंडात होता अजून. आणि मी रिकामं आहे म्हणालो."

तेव्हा मला काय वाटलं ते लिहायला हवं. बेदाणेवाल्याची मुलगी मी. काळा पडलेला माल पाहिलेली. मला त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की बरं झालं पाडलं, दुपारपर्यंत थांबला असतास तर तुझा पाय गेला असता. आत खोल कुठंतरी हायसं वाटलं, आणि लगोलग त्या हायसं वाटण्याची अशी शरम वाटली की मला त्याच्याकडे बघवेना. मी गवताची पाती उपटत राहिले. मग तोंडातून तेच निघालं जे अशा वेळी निघतं. मी म्हणाले, तुझ्या जागी कुणीही तेच केलं असतं.

"एव्हरीबडी सेज दॅट," तो शांतपणे म्हणाला. रागानं नाही. त्याच्या अधिकाऱ्यांनी तेच सांगितलं होतं, डॉक्टरीणबाईंनी तेच, आईनं तेच. आता मावशीनंही.

हे मला नंतर बरेचदा जाणवलं आहे, की दुसऱ्याची लाज त्याच्या हातून काढून घ्यायची आपली केवढी घाई असते. समोरचा म्हणतो, मला लाज वाटते, आणि आपण लगेच म्हणतो, छे, तुला कशाला. दयेपोटी म्हणतो असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे त्याची लाज आपल्यालाही पाहावत नाही. त्याचं बोलणं थांबावं, गाडीत बसावं, घरी जाऊन चहा टाकावा, एवढंच आपल्याला हवं असतं. मीही त्या दिवशी घरी येऊन चहाच टाकला.

रात्रीच्या जेवणात निखिलनं सांगून टाकलं की त्याला हे आबांना सांगायचं आहे. येत्या रविवारच्या फोनवर. मी हातातला घास ताटात ठेवला. आबा ऐंशीला आलेले, रक्तदाब, एक झटका येऊन गेलेला. आणि तो भिंतीवरचा फोटो. मी म्हणाले, त्यांना कशाला? इतकी माणसं आहेत जगात. तो म्हणाला, त्याच्या ओळखीचा असा एकच माणूस आहे जो त्या म्हाताऱ्यासारखा आहे. आबांनी काही तरी म्हणायला हवं. काय म्हणायला हवं ते त्यालाही माहीत नव्हतं. पण ते काही म्हणेपर्यंत त्याला पुढे सरकता येणार नव्हतं, एवढं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी गुपचूप ताईला फोन केला. ताई आधी रडली, मग आम्ही दोघींनी मिळून ते केलं जे आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. परीक्षेत नापास झालेला पोरगा घरी येण्याआधी बायका पुढे निरोप धाडतात, त्याला काही बोलू नका. लग्न मोडलेली मुलगी यायच्या आधी धाडतात, तिला काही विचारू नका. तसा ताईनं आबांना आधी फोन करायचा, सगळं थोडक्यात सांगायचं आणि बजावायचं की निखिल काहीही बोलला तरी तुम्ही फक्त असू दे म्हणा. असू दे बाळा, झालं ते झालं. आबा बरं म्हणाले. ताईनं मला तसं कळवल्यावर मी निर्धास्त झाले, आणि रविवारी सकाळी चक्क गोडाचे पोहे करावेत की तिखट, याचा विचार करत उठले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन ठेवला आणि स्पीकर लावला. तिकडे तिन्हीसांज झाली होती, आबांच्या मागं कुणीतरी गुरांना हाकत होतं. श्रीकांत मुलीला घेऊन तळ्याकडे गेला होता, त्याला मीच पाठवलं होतं. निखिल मराठीत बोलला, अडखळत, सगळं. शब्द अडला की माझ्याकडे पाहायचा आणि मी सांगायचे. भिंत, फट, दांडी. त्या गोष्टीतले शब्द मी त्याला एकेक करून पुरवत होते. रिकामं आहे म्हणालो, इथं येऊन तो थांबला.

मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा आता. असू दे म्हणा.

"माल तयार होता?" आबांनी विचारलं.

"होता आबा. मी झटकून पाहिला."

"हं." मग म्हणाले, "पोरा, तुझ्या आईनं सकाळीच फोन केलता. असू दे म्हणा, म्हणून सांगितलंय मला तिनं. पर ती बाग माझी न्हवती रं. मी कोण असू दे म्हणणार?"

निखिलनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचं कापड सारखं करत होते, ते आधीच सारखं होतं. ऐंशी वर्षांच्या माणसाला मी आणि ताईनं दुसऱ्याच्या नुकसानीवर सही करायला सांगितली होती, आणि त्यानं आधी बरं म्हणूनही ती सही करायला नकार दिला होता. मला वाटलं निखिल आता कोसळणार. पण त्याचे खांदे खाली आले. महिनोन् महिने वर ओढून धरलेले खांदे होते ते. तो रडायला लागला, मोठ्यानं, नाक वाहेपर्यंत, आणि आबांनी त्याला गप्प कर असं कुणालाही सांगितलं नाही. तिकडे फोन धरून ते नुसते ऐकत राहिले. मीही उठले नाही. पहिल्यांदाच कुणी त्याच्या हातातली ती गोष्ट काढून घ्यायला धावलं नव्हतं.

तो शांत झाल्यावर आबांनी खाकरून घसा साफ केला.

"नाव काय त्याचं?"

निखिलला कळलं नाही. "कुणाचं?"

"त्या बागवाल्याचं."

निखिल अगदी हळू म्हणाला, विचारलं नाही, आबा.

तिकडून गुरं हाकल्याचा आवाज येत होता. मी त्या फोनकडे बघत होते. निखिल आल्यापासून मी त्याला जेवलास का, झोप लागली का, गार वाजतंय का, मित्राचा पाय कसा आहे, सगळं विचारलं होतं. कुंपणाशी बसून त्याची सगळी गोष्ट ऐकली होती, तिला लागतील ते शब्द पुरवले होते. त्या माणसाचं नाव विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.